पालेभाजी आणि गावाचा रक्तदाब

(सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, या भागावर काय कोसळले ते मी तुम्हाला सांगायला नको. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसे गेली. त्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत आणि अशा प्रसंगी मी पालेभाजीवर बोलणार आहे. काहींना विषय हलका वाटेल, म्हणून आधी त्याचे कारण सांगतो.

त्या पहाटे जे वाचले त्यांतले तेव्हाचे तरुण आज साठीच्या आसपास आहेत. भूकंपानंतर आपण घरे नव्याने बांधली, गावठाण हलवले, रस्ते रुंद केले. आता या पिढीला जो धोका आहे तो धमन्यांच्या भिंतींना आहे. आपण त्याला साधेपणाने ‘बीपी’ म्हणतो. १९९५ साली जपानमध्ये कोबे परिसरात भूकंप झाला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लोकांचे रक्तदाब सतत मोजले. धक्क्यानंतर ते वाढले आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत खाली आले. म्हणजे आज आपल्या गावात जो बीपी आहे तो त्या रात्रीच्या खात्यावर टाकता येणार नाही. त्याची कारणे आजची आहेत: वय, मीठ, वजन, तंबाखू, दारू, बैठे काम आणि ताट. यांपैकी ताटाविषयी, आणि ताटातल्या एकाच पदार्थाविषयी मी बोलेन.

प्रश्न असा आहे. धडधाकट माणसाने, ज्याला बीपीचा त्रास नाही त्याने, नायट्रेट भरपूर असलेल्या भाज्या खाल्ल्या तर त्याचा रक्तदाब उतरतो का? उतरत असेल तर किती? आणि तेवढ्याने काय साधते?

नायट्रेट कुठून येतो

शेतकऱ्याला नायट्रेट नवा नाही. आपण युरिया टाकतो, शेणखत टाकतो. मातीतले जिवाणू त्यातल्या नत्राचे रूप बदलत बदलत त्याचा नायट्रेट करतात आणि पिकाची मुळे तो पाण्याबरोबर ओढून घेतात. पानात ऊन मिळाले की त्यापासून प्रथिने तयार होतात. ऊन कमी आणि नत्र जास्त असेल तर नायट्रेट तसाच देठात, पानात साठून राहतो. म्हणून ढगाळ दिवसांतल्या, युरियावर वाढवलेल्या भाजीत तो जास्त असतो. पानापेक्षा देठात जास्त, आणि पहाटे खुडलेल्या भाजीत दिवसभर ऊन खाल्लेल्या भाजीपेक्षा जास्त.

सगळ्या भाज्या तो सारख्या साठवत नाहीत. टोमॅटो, वांगी, बटाटा, कांदा, मटार यांत तो अगदी कमी. बहुधा शंभर ग्रॅममागे वीस मिलिग्रॅमच्या आत. पालक आणि बीट यांत मात्र तो शंभर ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅमच्याही पुढे जातो. मुळा, कोथिंबीर, मेथी, शेपू याही नायट्रेट बऱ्यापैकी धरतात. यात एक गंमत आहे. पालक, बीट, चाकवत, चंदनबटवा, तांदुळजा, माठ, राजगिरा आणि रानातला कुरडू ही सगळी मंडळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातली आहेत, आणि नायट्रेट साठवणे ही बऱ्याच अंशी या कुळाची खोड आहे. युरोपातल्या प्रयोगशाळांनी बीटचा रस गाजवला म्हणून बीट प्रसिद्ध झाले. त्याचे भाऊबंद आपल्या बांधावर फुकट उगवतात.

जिभेवरचे जिवाणू

खाल्लेल्या नायट्रेटचे पुढे काय होते ही शरीरशास्त्रातली फार देखणी गोष्ट आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

भाजी पोटात गेली की नायट्रेट आतड्यातून रक्तात उतरतो. त्यातला बराचसा लघवीवाटे निघून जातो. पण साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी रक्तातून वेचून घेतात आणि लाळेतून पुन्हा तोंडात सोडतात. एकदा गिळलेला पदार्थ शरीर परत तोंडात का आणते? कारण पुढचे काम आपल्या पेशींना नीट जमत नाही, ते जिवाणूंना जमते. जिभेच्या मागच्या भागावर, जिथे ती खडबडीत असते तिथे, असे जिवाणू राहतात जे नायट्रेटचा नायट्राइट करतात. ही नायट्राइटवाली लाळ आपण दिवसभर गिळत असतो. जठरातल्या आम्लात त्याच्यापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. उरलेला नायट्राइट रक्तात जातो आणि जिथे प्राणवायू कमी पडतो तिथे त्याचाही तोच वायू होतो. हा वायू धमनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल सोडायला सांगतो. धमनी रुंदावते, दाब उतरतो.

नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातला निरोप्या आहे हे दाखवणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याचा उपयोग शंभर वर्षे आधीपासून चालू होता. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात असेल. ती याच वायूच्या जोरावर काम करते. गोळी आणि भाजी यांचा मार्ग वेगळा, ताकदीत तर जमीन-अस्मानाचा फरक. शेवटी धमनीपाशी पोचणारा निरोप मात्र एकच.

जनावरे राखणाऱ्यांना या रसायनाची दुसरी बाजू ठाऊक असेल. पावसाने ताण दिलेल्या ज्वारीच्या चाऱ्यात नायट्रेट फार साठतो. गाईच्या पोटातले जिवाणू त्याचा इतक्या झपाट्याने नायट्राइट करतात की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, रक्त चॉकलेटी होते आणि जनावर धापा टाकत पडते. कोवळ्या पोंग्याची किराळ लागते ती वेगळी, ती सायनाइडची. पण नायट्रेटची विषबाधा आणि पालकाचा गुण ही एकाच रासायनिक पायरीची दोन टोके आहेत. आपल्या तोंडात हे काम सावकाश आणि थोडे थोडे होते म्हणून ते उपकारक ठरते.

प्रयोग काय सांगतात

२००६ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी सतरा तरुण, निरोगी माणसे घेतली. त्यांना तीन दिवस नायट्रेटचा क्षार दिला आणि दुसऱ्या खेपेला त्याच्याऐवजी तेवढ्याच प्रमाणात साधे मीठ दिले. केव्हा काय दिले हे ना घेणाऱ्याला माहीत होते ना मोजणाऱ्याला. नायट्रेटची मात्रा दीडशे ते अडीचशे ग्रॅम पालकातून मिळेल इतकीच होती. खालचा रक्तदाब सरासरी ३.७ मिलिमीटरने उतरला. वरच्यात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही.

दोन वर्षांनी लंडनमध्ये अमृता अहलुवालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एकदम अर्धा लिटर बीटचा रस पाजला. अडीच-तीन तासांत वरचा दाब सुमारे दहा आणि खालचा आठ मिलिमीटरने उतरला. या प्रयोगाचा खरा कस पुढे आहे. रस प्यायल्यावर लाळ गिळायची नाही, थुंकून टाकायची, असे सांगितले तेव्हा रक्तात नायट्राइट वाढला नाही आणि वरचा दाबही तसा उतरला नाही. रस पोटात होता, नायट्रेट रक्तात होता, तरी गुण आला नाही, कारण जिभेवरून गेलेली लाळ पोटात पोचली नव्हती.

त्याच गटाने २०१३ साली उलट बाजूने तपासले. एकोणीस निरोगी लोकांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक औषधाने गुळण्या करायला लावल्या. जिभेवरचे जिवाणू मेले, लाळेतला नायट्राइट नव्वद टक्क्यांनी घटला आणि रक्तदाब दोन ते साडेतीन मिलिमीटरने चढला. दाताच्या डॉक्टरांनी काही दिवसांसाठी असे औषध दिले तर जरूर घ्यावे. पण टीव्हीवरच्या जाहिराती पाहून वर्षानुवर्षे रोज जंतुनाशकाने तोंड धुणाऱ्याने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

पुढे असे अनेक प्रयोग झाले. २०१३ मध्ये सोळा प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले गेले. त्यांत मिळून २५४ माणसे होती. वरचा दाब सरासरी ४.४ आणि खालचा १.१ मिलिमीटरने उतरलेला दिसला. २०१५ साली लंडनच्या गटाने बीपी असलेल्या चौसष्ट जणांवर चार आठवडे प्रयोग केला. रोज पाव लिटर रस घेणाऱ्यांचा वरचा दाब जवळपास आठ मिलिमीटरने उतरला, आणि रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा होता तिथे आला.

इथेच थांबलो तर व्याख्यान गोड होईल, पण ते अर्धवट राहील. त्याच २०१५ साली ऑस्ट्रेलियात औषधे चालू असलेल्या बीपीच्या सत्तावीस रुग्णांना आठवडाभर बीटचा रस दिला; दाब हलला नाही. २०२० मध्ये स्वीडनमध्येच, ज्या देशात ही गोष्ट सुरू झाली तिथे, दाब थोडा चढा असलेल्या २३१ माणसांवर पाच आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला रोज पालेभाजीतून तीनशे मिलिग्रॅम नायट्रेट, दुसऱ्याला तेवढाच गोळीतून, तिसऱ्याला नायट्रेट कमी असलेल्या भाज्या. दिवसभर दंडाला यंत्र बांधून मोजले तरी तिन्ही गटांत फरक दिसला नाही.

मग खरे काय? माझे वाचन असे आहे. लहान, थोड्या दिवसांच्या प्रयोगांत, तरुण आणि निरोगी माणसांत, मोठ्या मात्रेने दाब उतरतो यात शंका नाही. लाळ थुंकण्याच्या प्रयोगाने त्याचे कारणही सापडले आहे. पण रोजच्या जेवणात, रोजच्या मात्रेत, महिनोन्महिने त्यातला किती टिकतो, हा आकडा लहान आहे आणि कधी कधी शून्याच्या जवळ जातो. अर्धा लिटर बीटच्या रसात जवळजवळ चौदाशे मिलिग्रॅम नायट्रेट होता. जागतिक आरोग्य संघटनेने मानलेली दिवसाची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३.७ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला २२२ मिलिग्रॅम. त्या रसाने ती सहापट ओलांडली होती. असे रोज कोणी जेवत नाही आणि जेवूही नये.

२०२१ साली डेन्मार्कमधून एक मोठा अभ्यास आला. पन्नास हजारांहून अधिक लोकांवर तेवीस वर्षे लक्ष ठेवले होते. भाज्यांतून सर्वांत जास्त नायट्रेट खाणाऱ्यांचा वरचा दाब सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा अडीच मिलिमीटरने कमी होता, आणि हृदयविकार व धमन्यांच्या आजारांचा धोकाही कमी होता. शिवाय हा फायदा दिवसाला साठ मिलिग्रॅमच्या आसपासच मिळून गेला होता, त्याहून जास्त खाऊन आणखी वाढला नाही. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. भाजी खाणारा माणूस इतरही बाबतींत जपून वागत असेल. पण साठ मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक वाटीभर कच्ची पाने, एवढेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यासाठी बीटच्या रसाच्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

दोन मिलिमीटरची किंमत

दोन-अडीच मिलिमीटर! ऐकून कोणीही म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? आशाताई दंडाला पट्टा बांधतात तेव्हा तुम्ही बोलत असलात तर तेवढ्यानेच आकडा यापेक्षा जास्त चढतो. जिना चढून आलात, नुकताच चहा घेतला, तंबाखू मळली, पाय लोंबकळत ठेवले, तर आणखी चढतो. म्हणजे एका माणसाने वर्षभर पालेभाजी खाल्ली आणि आरोग्य केंद्रात जाऊन मोजले, तर त्या एका मापात त्याला भाजीचा गुण दिसणारच नाही. ‘खाऊन पाहिली, काही फरक नाही’ असे तो म्हणेल, आणि त्याच्यापुरते ते बरोबरच असेल.

पण हिशेब माणसाचा न मांडता गावाचा मांडून पाहा. २००२ साली जगभरच्या एकसष्ट अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख माणसांची आकडेवारी एकत्र केली गेली. त्यातून दिसले की मध्यमवयात वरचा दाब नेहमीसाठी दोन मिलिमीटरने कमी असेल तर लकव्याने होणारे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी आणि हृदयविकाराने होणारे सात टक्क्यांनी कमी असतात. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ सालीच हे तत्त्व मांडले होते. फार थोड्यांना फार मोठा धोका असतो. पण बहुतेक मृत्यू मध्यम धोक्याच्या मोठ्या समूहातून येतात, कारण तिथे माणसे जास्त असतात. म्हणून सगळ्या गावाचा दाब इवलासा खाली सरकला तर त्यातून वाचणारे जीव मोजक्या गंभीर रुग्णांच्या उपचारातून वाचणाऱ्यांपेक्षा जास्तही असू शकतात. त्यांतले कोण वाचले, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. कोणी सत्कार करायला येणार नाही, कारण ज्याला लकवा झालाच नाही त्याला ते कळणार कसे?

मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. गोळी एकेका रुग्णाची असते, पालेभाजी गावाची असते. एकट्याने दोन जुड्या आणून हा प्रश्न सुटणार नाही. गावात वर्षभर भाजी उगवते का, सगळ्यांच्या ताटात ती येते का, यावर तो सुटेल.

पाण्यातला नायट्रेट

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. नायट्रेट आपल्या पोटात दुसऱ्या वाटेनेही येतो: विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातून. शेतातला जादा युरिया, गावालगतचे उकिरडे, गोठ्यांचे मूत, शौचालयांचे शोषखड्डे यांतून तो आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून भूजलात उतरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अहवालात देशभरच्या नमुन्यांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात ती ओलांडलेली दाखवली. आपल्या शेजारचा बीड आणि वरचा नांदेड हे त्यातल्या ठळक जिल्ह्यांत होते.

तुम्ही विचाराल, भाजीतला नायट्रेट चांगला आणि पाण्यातला वाईट, हे कसे? रेणू तर एकच. फरक सोबतीचा आहे. भाजीत नायट्रेटबरोबर क जीवनसत्त्व आणि वनस्पतीतले अनेक रंगद्रव्य-घटक येतात. ते नायट्राइटला नायट्रिक ऑक्साइडकडे वळवतात आणि नायट्रोसामाइन नावाची, कर्करोगाशी जोडली जाणारी, संयुगे बनू देत नाहीत. पाण्यात ही सोबत नसते. कारखान्यात खारवून टिकवलेल्या मांसातही नसते. उलट तिथे नायट्राइट वरून घातलेला असतो. डेन्मार्कच्या त्याच लोकांचा नंतर स्रोतवार हिशेब मांडला, तेव्हा भाजीतून जास्त नायट्रेट घेणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले, आणि नळाच्या पाण्यातून जास्त घेणाऱ्यांत जास्त.

सगळ्यात जपायचे ते तान्ह्या बाळांना. १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी निळ्या पडणाऱ्या बाळांची कारणे शोधताना शेतावरच्या विहिरींचे पाणी पकडले. त्या पाण्यात दूध कालवून बाळाला पाजले जात होते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, हा नियम पाळला तर हा धोका टळतो. आणि एक गैरसमज काढून टाका: पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

आपले ताट, आपले रान

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. आपल्या भागात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी ही जोडी कोणी शिकवावी लागली नाही. अंबाडी उकडून, आंबट पाणी पिळून, त्यात ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून घोटायची; वर कडकडीत लसणाची फोडणी. करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे, पातळ चाकवत, चुक्याची आमटी, घोळीची भाजी. वेळ अमावस्येला शेतात जाऊन आपण जी भज्जी करतो तिच्यात एका पातेल्यात किती प्रकारची पाने आणि शेंगा जातात, ते मोजून पाहा. आहारतज्ज्ञ ज्याला विविधता म्हणतात ती त्या पातेल्यात असते. अडचण एवढीच की वेळ अमावस्या वर्षातून एकदा येते.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ही पाने कुठून येत होती? बरीचशी खुरपणीतून. ज्वारी, तूर, मूग यांच्या पाटांत बायका खुरपायला बसायच्या आणि घरी जाताना पदरात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू असायचे. विकत आणायची भाजी वेगळी आणि रानातून आलेली वेगळी. आता खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन आहे. उगवणीनंतर तणनाशकाचा एक फवारा मारला की खुरपणीची मजुरी वाचते; शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही, मजूर मिळत नाहीत हेही खरे. पण त्या फवाऱ्यात तण म्हणून जे जळते त्यात मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या घरची फुकटची भाजी जळते. तिला ती मग आठवडी बाजारात पैसे मोजून घ्यावी लागते, आणि पैसे मोजायची वेळ आली की जुडी मागे राहते, बटाटा घरी येतो. फवारलेल्या रानातली पाने खाऊ नका, हे ओघाने आलेच.

उन्हाळा हा दुसरा खड्डा. पाणी नाही, म्हणून भाजी नाही. यावर आपल्या आज्यांनी हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवण्याचा उपाय काढला होता. वाळवल्याने नायट्रेट उडून जात नाही. क जीवनसत्त्व मात्र बरेचसे जाते, तेवढ्यासाठी वर लिंबू पिळावे.

शिजवताना दोन-तीन गोष्टी पाहा. नायट्रेट पाण्यात विरघळतो. भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिले तर त्याचा मोठा वाटा मोरीत जातो. अंबाडीचे पाणी आंबटपणासाठी पिळावे लागते, ते ठीक. पण पालक, चाकवत, माठ यांचे पाणी टाकू नका, त्यातच डाळ घोटा. शिजवलेली पालेभाजी दिवसभर उघड्यावर ठेवून रात्री लहान मुलाला भरवू नका. उबेत जिवाणू वाढतात आणि पातेल्यातच नायट्राइट होऊ लागतो.

आणि मीठ. पालेभाजी कढईत टाकतो तेव्हा ती डोंगराएवढी दिसते, आपण मीठ त्या डोंगराच्या अंदाजाने टाकतो. पाच मिनिटांत भाजी खाली बसते, मीठ मात्र तेवढेच राहते. मग भाजीने उतरणारा दोन मिलिमीटरचा दाब त्याच कढईतले मीठ परत चढवते. भाजी बसल्यावर, चव पाहून मीठ घाला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात ठेचा, पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, बाजारचा फरसाण सगळे आले. मीठ कमी केल्याने दाब उतरतो याचा पुरावा नायट्रेटपेक्षा कितीतरी भक्कम आहे. एकच गोष्ट करायची असेल तर ती मिठाची करा. दोन करायच्या असतील तर भाजीची धरा.

काहींनी जपून खायला हवे. मूत्रपिंड निकामी होत असलेल्यांना पालेभाज्यांतले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक, चुका, घोळ यांतल्या ऑक्झलेटबद्दल डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन वा असिट्रोम यांसारखी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू-घटवू नये. आणि बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी, अ‍ॅम्लोडिपिन असो की टेल्मिसार्टन, भाजीच्या भरवशावर ती सोडू नये. मी जे आकडे सांगितले त्यांतला एकही त्या गोळीची जागा घेण्याइतका मोठा नाही.

गावाने करायचे काम

म्हणून शेवटी विनंती ग्रामपंचायतीला, बचत गटांना आणि शाळेला आहे.

पाण्याची तपासणी करताना फक्त क्लोरीन आणि जंतू पाहून थांबू नका. पिण्याच्या प्रत्येक स्रोताचा नायट्रेटचा आकडा जलसुरक्षकाकडून मागून घ्या आणि पंचायतीच्या फळ्यावर लिहा. आकडा पंचेचाळीसच्या पुढे असेल तर तो स्रोत तान्ह्या बाळांच्या आणि गरोदर बायकांच्या घरांसाठी आधी बंद करा. उकिरडे आणि शोषखड्डे विहिरीपासून दूर न्या.

शाळेच्या परसबागेत फक्त शोभेची झाडे नकोत. माठ, राजगिरा, पालक, मेथी, शेपू ही महिनाभरात ताटात येणारी पिके आहेत आणि शालेय पोषण आहाराच्या पातेल्यात ती जाऊ शकतात. पुनर्वसनात मिळालेल्या घरांभोवती बऱ्याच जणांकडे मोकळी जागा आहे. तिथे भांड्यांच्या पाण्यावर दोन वाफे उन्हाळ्यातही निभतात. सोयाबीन करणाऱ्यांनी बांधालगतच्या चार ओळी फवाऱ्यातून वगळल्या तर एका कुटुंबाची पावसाळ्यातली भाजी निघते आणि उत्पन्नात तेवढ्याने खोट येत नाही.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आरोग्य केंद्रात किंवा इथल्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयात बीपी मोजून घ्यावा. पाच मिनिटे टेकून बसून, पाय जमिनीला लावून, न बोलता. बीपी दुखत नाही, म्हणून तो मोजावाच लागतो.

भूकंप कधी येणार हे अजून कोणाला सांगता येत नाही. त्याच्यासाठी घरे भक्कम बांधण्याखेरीज उपाय नाही. लकवा मात्र बऱ्याच वेळा दहा-पंधरा वर्षे आधी वर्दी देतो, दंडावरच्या पट्ट्यातून. ती वर्दी घेणे आणि गावाच्या ताटात भाजी व पाण्यात शुद्धता ठेवणे, ही दोन्ही कामे या गावाने मनावर घेतली तर त्यांचा परिणाम कुठल्या एकाच्या मापात दिसणार नाही. तो दिसेल पंधरा वर्षांनी गावच्या मृत्यूनोंदवहीत, आणि तिथेच तो तपासला जावा अशी माझी इच्छा आहे.